सोंग कोणी घ्यायचे?

हातातले लिनक्स : लेखांक ७

स्टीम डेकच्या डॉकला बाजारात सहज मिळणारा एखादा स्वस्त वायरवाला कंट्रोलर जोडावा, डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन यूएसबी उपकरणांची यादी मागवावी, आणि त्या यादीत कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचा पत्ताच नसावा, असे पुष्कळदा होते. यादीत नाव दिसते मायक्रोसॉफ्टचे आणि मॉडेल दिसते एक्सबॉक्स ३६०, म्हणजे २००५ साली आलेल्या कन्सोलचा कंट्रोलर. यादी चुकलेली नसते. कंट्रोलरच्या फर्मवेअरनेच आपली ओळख तशी सांगितलेली असते: उत्पादक ०४५ई, उत्पादन ०२८ई, मायक्रोसॉफ्टचे क्रमांक जसेच्या तसे. मागच्या लेखात डेकची स्वतःची बटणे कर्नलमधून खेळापर्यंत कशी पोहोचतात ते पाहिले; आज पाळी पाहुण्या कंट्रोलरांची. त्यांच्याबद्दल माझे म्हणणे असे, की सोंग घ्यायलाच हवे, पण ते खेळासमोर घ्यावे आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरने घ्यावे. कंट्रोलरने थेट ऑपरेटिंग सिस्टिमसमोर घेतलेले सोंग सोयीचे वाटते खरे, पण गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच गोष्टी त्याखाली दडून जातात.

हे सोंग आले कुठून, ते आधी पाहू. यूएसबीचे एचआयडी मानक नव्वदच्या दशकातले. त्यानुसार उपकरण स्वतःचे वर्णन देते: माझ्याकडे इतकी बटणे, इतके अक्ष. पण तिसरे बटण अंगठ्याखालचे की तर्जनीखालचे, हे त्या वर्णनात नसते. लिनक्सचा सर्वसाधारण एचआयडी ड्रायव्हर मग गेमपॅडच्या बटणांना ओळीने नावे वाटत जातो: पहिले ए, दुसरे बी, तिसरे सी, चौथे एक्स. आजच्या बहुतेक कंट्रोलरांवर सी नावाचे बटणच नसते, त्यामुळे फर्मवेअरने तो क्रमांक मुद्दाम मोकळा सोडला नसेल तर पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात. कर्नलच्या मंडळींनी २०१३ मध्ये यावर दिशांची नावे हा तोडगा काढला, म्हणजे दक्षिणेचे बटण, पूर्वेचे बटण वगैरे. त्यातही एक गंमत झाली. जुने एक्स हे नाव उत्तरेला जोडले गेले, आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर एक्स असते पश्चिमेला. इतकी वर्षे सॉफ्टवेअर हाच घोळ गृहीत धरून लिहिले गेल्यामुळे आता तो दुरुस्त करणेही अवघड. मायक्रोसॉफ्टने विंडोजवर या साऱ्या गुंत्याला बगल दिली ती एक्सइनपुट आणून: ठरलेली चौदा बटणे, दोन स्टिक, दोन ट्रिगर, दोन कंपन-मोटारी, एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर. नमुना पक्का, चर्चा बंद. विंडोजचे खेळ या साच्यासाठी लिहिले गेले, आणि डेकवर प्रोटॉन या विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या थरामार्फत चालणारे बहुतेक खेळ तेच असल्यामुळे साचाही त्यांच्याबरोबर लिनक्सवर आला.

आता कंट्रोलर बनवणाऱ्याच्या जागी बसून पाहा. एक्सबॉक्स ३६०ची भाषा बोलणाऱ्या कंट्रोलरांसाठी लिनक्समध्ये एक्सपॅड हा ड्रायव्हर आहे. ती भाषा एचआयडी नव्हे, त्यामुळे सर्वसाधारण ड्रायव्हर इथे कामाचा नाही. एक्सपॅडकडे ओळखीच्या उत्पादकांच्या क्रमांकांची एक यादी असते. यादीतल्या उत्पादकाचे नवे मॉडेल आले तरी तो ते सांभाळून घेतो. पण उत्पादकच यादीत नसेल तर भाषा तंतोतंत बोलणाऱ्या कंट्रोलरकडेही ढुंकून पाहत नाही. जाणकार माणूस एका आज्ञेने तो क्रमांक हाताने भरू शकतो, दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलेला माणूस ते करणार नाही. म्हणजे नव्या कंपनीने स्वतःचा खरा क्रमांक सांगितला तर कोणीतरी कर्नलमध्ये एक ओळ वाढवीपर्यंत, आणि ते कर्नल लोकांच्या यंत्रांत पोहोचेपर्यंत, तिचा माल मुका. मायक्रोसॉफ्टचा क्रमांक चोरला तर पहिल्या दिवसापासून चालू. खरे बोलणाऱ्याला दंड आणि खोटे बोलणाऱ्याला बक्षीस अशी ही व्यवस्था कोणी जाणूनबुजून केलेली नाही, पण परिणाम तोच. तेव्हा या कंपन्यांना लबाड ठरवून मोकळे होणे मला पटत नाही.

सोंगाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती सोंगागणिक वेगळी असते. एक्सबॉक्स ३६०च्या साच्यात जायरो नाही. कंट्रोलरच्या पोटात हालचाल मोजणारा संवेदक असला तरी त्याचे आकडे पाठवायला साच्यात जागाच नाही. मागे दोन-चार जादा बटणे असतील तर त्यांनाही क्रमांक नाही. म्हणून फर्मवेअर त्यांना ए किंवा बीची नक्कल करायला लावते आणि खोक्यावर ‘प्रोग्रामेबल’ असे छापले जाते. मग स्विच प्रो कंट्रोलरचे सोंग घेऊन पाहावे. त्यासाठी लिनक्सच्या ५.१६ या आवृत्तीपासून एचआयडी-निन्टेन्डो हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि जायरो सुरेख चालते. पण निन्टेन्डोच्या मूळ कंट्रोलरचे ट्रिगर फक्त चालू किंवा बंद अशा दोनच अवस्था सांगतात. त्यामुळे तुमच्या कंट्रोलरला दाब मोजणारे उत्तम ट्रिगर असले तरी मोटारींच्या शर्यतीत अर्धा ॲक्सिलरेटर दाबता येत नाही: गाडी एकतर थांबलेली, नाहीतर सुसाट. वर ए आणि बी यांच्या जागांची अदलाबदल. प्लेस्टेशन ४च्या कंट्रोलरचे सोंग घेतले तर जायरोही मिळते आणि ट्रिगरही, मागची बटणे मात्र तिथेही बेवारस. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात. इथे अडते ते मूळ मालकाकडे नसलेल्या गोष्टीपाशी. ज्याचे रूप घेतले त्याच्याकडे जे नाही ते दाखवायचे कसे?

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. जायरो हवी कोणाला? नव्वद टक्के लोकांना कंट्रोलर जोडल्याबरोबर चालला म्हणजे पुरे. साध्या पीसीबाबत मी हा आक्षेप बराचसा मान्य करीन. हँडहेल्डबाबत नाही. डेकमध्ये जायरो आहे, मागे चार बटणे आहेत, दोन ट्रॅकपॅड आहेत, आणि स्टिकला अंगठा लागला की नाही हेही त्याला कळते. डेक वापरणारे लोक आपल्या बटणरचना याच गोष्टी गृहीत धरून बसवतात: नेमबाजीच्या खेळात स्टिकने ढोबळ रोख आणि मनगटाच्या हालचालीने बारीक, पळणे मागच्या बटणावर. हाच डेक डॉकमध्ये ठेवून टीव्हीला जोडला, हातात एक्सबॉक्सच्या सोंगातला कंट्रोलर घेतला, की तोच खेळ, जतन केलेली तीच प्रगती, तीच रचना आणि तिचा अर्धा भाग निकामी. हौशी लोकांचे जादा लाड म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही. हातातला अनुभव टीव्हीपुढे नेणे हेच तर डॉक घेण्याचे कारण.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. खेळांना एक्सबॉक्सचाच साचा कळतो, तर मग खरी ओळख सांगून उपयोग काय? शेवटी कोणीतरी सोंग घ्यायचेच. बरोबर. डेक बनवणारी वाल्व तेच करते. स्टीम इनपुट चालू असते तेव्हा स्टीम लिनक्सच्या यूइनपुट या सोयीने एक आभासी कंट्रोलर उभा करते, आणि त्याचे नाव एक्सबॉक्स ३६० पॅड असेच असते. डेकची स्वतःची बटणेही बहुतेक खेळांपुढे याच वेषात जातात. फरक दोन ठिकाणी आहे. एक, हा आभासी कंट्रोलर नाव मायक्रोसॉफ्टचे लावतो पण क्रमांक वाल्वचा ठेवतो, म्हणजे ज्याला पाहायचे त्याला सोंग ओळखू येते. दोन, आणि हे महत्त्वाचे, सोंग घेण्याआधी स्टीमला खऱ्या कंट्रोलरचे सगळे काही मिळालेले असते. जायरोचे आकडे आले, मागची बटणे आली. आता जायरोचे माउसमध्ये रूपांतर करायचे की उजव्या स्टिकमध्ये, मागच्या बटणाला कळफलकावरची कोणती कळ द्यायची, हे तुम्ही ठरवा आणि खेळागणिक बदला. फर्मवेअरमधल्या सोंगात ही निवड कारखान्यातच संपलेली असते.

ही गोष्ट आता काही कंपन्यांना उमगलेली दिसते. होरी या जपानी कंपनीने २०२४च्या अखेरीस वाल्वच्या परवान्याने स्टीमसाठीचा होरीपॅड काढला. त्यात जायरो आहे, स्टिकवरचा स्पर्श ओळखण्याची सोय आहे, आणि तो स्वतःच्या नावाने येतो. (कंपन मात्र नाही, ही काटकसर मला कळलेली नाही.) एटबिटडू आणि फ्लायडिजी यांच्या काही मॉडेलांसाठी २०२५ मध्ये एसडीएल या सॉफ्टवेअर लायब्ररीत स्वतंत्र कोड आला. सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली सुरू केलेले एसडीएल आज असंख्य खेळांच्या आणि खुद्द स्टीमच्याही तळाशी आहे. हा कोड कर्नलचा ड्रायव्हर टाळून हिडरॉ या वाटेने कंट्रोलरचे कच्चे बाइट वाचतो आणि अर्थ स्वतः लावतो. म्हणजे कर्नलच्या नव्या आवृत्तीसाठी खोळंबणे नाही. स्टीमओएसची मूळ फाइलव्यवस्था फक्त-वाचनीय असते, तिथे बाहेरचा ड्रायव्हर घुसवला तर पुढच्या अद्यतनात तो पुसला जाण्याचा धोका, त्या यंत्रांवर तर ही वाट अधिकच मोलाची. असूसच्या आरओजी अ‍ॅलायसारख्या हँडहेल्डवर लिनक्स टाकणाऱ्यांनाही हाच धडा वेगळ्या बाजूने मिळाला. तिथे अंगावरचीच बटणे एक्सबॉक्सच्या सोंगात, मागची बटणे कळफलकाच्या, जायरो तिसरीकडे. इनपुटप्लंबर नावाचे मुक्त सॉफ्टवेअर हे तुकडे गोळा करून त्यांचा एकच आभासी कंट्रोलर करते, आणि त्याने कोणते रूप घ्यायचे ते ठरवता येते.

पण मग फर्मवेअरची मक्तेदारी जाऊन स्टीमची आली, एवढेच ना? या तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. स्टीम इनपुट हे बंदिस्त सॉफ्टवेअर आहे, आणि स्टीमबाहेर चालवलेल्या एम्युलेटरला त्यातले काही मिळत नाही. तरी दोन गोष्टी नोंदवाव्यात. बटणांचे अर्थ लावणारा एसडीएलचा भाग मुक्त आहे, त्याची नोंदवही लोकांनी भरलेली आहे, आणि कोणीही तीत भर घालू शकतो. मात्र ही नोंदवही कंट्रोलरच्या ओळखक्रमांकावर चालते, त्यामुळे दहा वेगवेगळे कंट्रोलर एकच चोरलेला क्रमांक सांगू लागले की ती कोणाची रचना कोणाला देणार? शिवाय २०२३ मध्ये कर्नलच्या ६.३ आवृत्तीत आलेल्या एचआयडी-बीपीएफमुळे एचआयडी कंट्रोलरने दिलेले चुकीचे वर्णन छोट्या प्रोग्रामने दुरुस्त करता येते, नवा ड्रायव्हर लागत नाही. तीही सोय आधी उपकरण नेमके ओळखता यायला हवे या अटीवर उभी आहे. नकली पीएस३ कंट्रोलरांनी हे पुरेसे दाखवले आहे. शानवानचे काही कंट्रोलर सोनीचे क्रमांक सांगत आणि जोडले की थरथरत राहत. कर्नलमध्ये त्यावर उपाय करताना क्रमांक कामाचा नव्हता, उपकरणाच्या नावातली अक्षरे तपासावी लागली.

क्रमांक तपासणारी व्यवस्थाच आणावी, असे कोणी म्हणेल. कन्सोलवर ती आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्स कन्सोलवर परवाना नसलेली उपकरणे अडवायला सुरुवात केली, आणि चालू असलेले कंट्रोलर लोकांच्या हातात निरुपयोगी झाले. लिनक्सवर असा दरवान नाही, तो नसावा. खऱ्या ओळखीचा आग्रह बाळगायला दारावरची सक्ती लागत नाही. खरे सांगणाऱ्याचे काम पहिल्या दिवशी अडू नये एवढे पुरे. एक्सपॅडने अनोळखी उत्पादकालाही, तो ठरलेली भाषा नीट बोलत असेल तर, निदान चाचणीपुरते आत घ्यावे असे मला वाटते. चुकीचे उपकरण पकडले जाण्याची भीती आहे, पण त्या भाषेची इंटरफेसवरची खूण इतकी विशिष्ट आहे की ती भीती फार मोठी नाही.

आपल्याकडे वाल्व डेक अधिकृतपणे विकत नाही. तो आणवावा लागतो, किंवा अ‍ॅलायसारख्या यंत्रावर लिनक्स टाकावे लागते. दुकानातल्या कंट्रोलरच्या खोक्यावर पीसी, अँड्रॉइड, स्विच एवढेच छापलेले असते, लिनक्सचे नाव नसते. त्याने बिचकू नये, पण मोड किती आणि कोणते ते जरूर पाहावे. जायरो हवी असेल तर स्विचचा मोड असलेला घ्या आणि शर्यतीच्या खेळापुरता एक्सइनपुटवर या. एक्सइनपुट हा एकच मोड असेल तर जायरोच्या नावाने जादा पैसे देऊ नका. बिनतारी डोंगल असेल तर यंत्राला दिसतो तो डोंगल, म्हणून मोड बदलल्यावर डोंगल काढून पुन्हा लावणे बरे. आणि एम्युलेटरमध्ये एकाच दाबाला दोनदा प्रतिसाद मिळू लागला तर तो खरा कंट्रोलर आणि स्टीमचा आभासी कंट्रोलर दोन्ही ऐकतो आहे असे समजावे. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये दोघांपैकी एकालाच ठेवावे. स्टीममधून चालवत असाल तर आभासी ठेवा, थेट चालवत असाल तर खरा. पुढच्या आठवड्यात ब्लूटूथ: डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सचे ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ब्लूझेडमधल्या एका सुरक्षात्रुटीवर केलेल्या उपायामुळे जुने पीएस३ कंट्रोलर बिनतारी जोडलेच जाईनासे का झाले, तिथून सुरुवात करू.