जलशीर्ष: शंटनंतर मूल किती जगते, हे कशावर ठरते?

मेंदूतील पोकळ्यांत मस्तिष्कमेरुद्रव साचून दाब वाढणे म्हणजे जलशीर्ष (हायड्रोकेफॅलस). तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात, त्यामुळे डोके मोठे होते, टाळू फुगते आणि बुबुळे खाली वळतात. जादा द्रव पोटाच्या पोकळीत नेणारी झडपेची नळी, म्हणजे शंट, बसवली की तातडीचा धोका टळतो. पुढची वर्षे मात्र अनेक गोष्टींवर अवलंबून असतात.

सर्वांत जड घटक मूळ कारण हा आहे. द्रवाचा मार्ग जन्मतः अरुंद असेल आणि मेंदू एरवी शाबूत असेल, तर शंटनंतर मूल शाळेत जाऊ शकते. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये मेंदूलाच इजा झालेली असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ११४ रुग्णांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी शुद्ध पूर्ण असलेल्या पहिल्या श्रेणीत दीर्घकालीन मृत्युप्रमाण २० टक्के होते. खोल बेशुद्धीच्या चौथ्या श्रेणीत सर्व रुग्ण दगावले. म्हणजे बाळ कोणत्या अवस्थेत रुग्णालयात पोचले, हेही तितकेच निर्णायक.

दुसरा घटक शंट स्वतः. पहिल्या वर्षातच साधारण दहापैकी चार शंट बंद पडतात. जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत दिसतो, आणि मग नळी काढून पुन्हा बसवावी लागते.

इथे वाराणसीचा विचार करा. काशी हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्वांचलासह शेजारच्या बिहारमधूनही रुग्ण येतात. सोनभद्रच्या खेड्यातल्या मुलाला रात्री डोकेदुखी, उलट्या आणि सुस्ती सुरू झाली, तर घरच्यांना ती पोटाची तक्रार वाटू शकते. बंद शंटची लक्षणे हीच असतात, आणि काही तासांत श्वास थांबू शकतो. माझ्या मते घरी जाण्यापूर्वी आईला ही तीन लक्षणे पाठ करून घेणे हा शस्त्रक्रियेचाच भाग मानायला हवा.

किंमत अडचण असली तरी स्वस्त शंट कमी प्रतीचा असतोच असे नाही. उत्तर प्रदेशातच शाहजहाँपूरला बनणाऱ्या छाब्रा शंटची युगांडात महागड्या विदेशी शंटशी तुलना झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लक्षणीय फरक आढळला नाही.

दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडल्यास नळी लागत नाही. सहा महिन्यांखालील बाळांत मात्र ते कमी यशस्वी ठरते, आणि छिद्र बुजले तर लक्षणे तीच परततात.