पोस्टकार्डाएवढे चित्र

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत दिल्या असतील. दहावीला थोडे वाढीव गुण पदरात पडले, की रंगांची पेटी माळ्यावर जाते ती जातेच. ती खाली काढावी आणि रोज एक लहानसे चित्र करावे, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

लहान म्हणजे किती? पोस्टकार्डाएवढे, १४ बाय ९ सेंटिमीटर. ७६ बाय ५६ सेंटिमीटरच्या पूर्ण कागदातून असे ३० तुकडे निघतात. म्हणजे एका कागदात महिन्याची बेगमी! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे 'यातून मिळते काय?' हा प्रश्न घरी होतो, आणि तो रास्तच आहे. खर्चाचा हिशेब आधी मांडला तो त्याकरिता.

विषय दूर शोधायला नको. मांजर घरोघर असते. ते स्वस्थ बसत नाही ही अडचण खरी. पण त्याच्या बैठका मोजक्याच असतात. म्हणून एकाच कागदावर तीन-चार आकृत्या सुरू कराव्या. ते उठले की पहिली सोडून दुसरी धरावी. घटकाभराने ते बहुधा पुन्हा पहिल्या बैठकीवर येते. पांढऱ्या मांजराला पांढरा रंग लावायचा नसतो. कागद कोरा ठेवून त्याची सावली तेवढी रंगवायची. बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन हे दोन रंग भरपूर पाण्यात मिसळले की ही सावली मिळते. गंमत अशी, की हेच दोन रंग दाट घेतले की आपली कपाशीची काळी जमीन तयार होते! पेटीतला तयार काळा वापरला तर वावर डांबरी सडकेसारखे दिसते. वैशाखातली भेगाळलेली जमीन हवी तर सायना अधिक घ्यावा, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर निळा अधिक. उन्हाळ्यात कागद आधी ओला करून घ्यावा; ४३ अंशांच्या उन्हात रंग पसरण्याआधीच वाळतो.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून गावी परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोटीतीर्थ तलावाच्या काठचा परिसर त्यांनी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगविला. एक तळे त्यांना इतके पुरले. आपल्याकडे तर पैनगंगा आहे, वर्धा आहे, सागाची जंगले आहेत. मांजराचे म्हणाल, तर कलकत्त्याच्या कालीघाट देवळाजवळचे पटुआ चित्रकार एकोणिसाव्या शतकात गिरणीच्या स्वस्त कागदावर झपाट्याने चित्रे करून यात्रेकरूंना विकत. कपाळी टिळा आणि तोंडात कोळंबी असे त्यांचे मांजर प्रसिद्ध आहे. ढोंगी साधूंची ती थट्टा होती.

आता थोडे गंभीर. यवतमाळ जिल्ह्याचे नाव बाहेर निघते ते बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. २०१७ साली कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही ते निघाले. छापून आले ते खोटे नव्हते. पण तुरीचा पिवळा फुलोरा, फाल्गुनातला पळस, पराटीच्या ढिगावर ऊन खात बसलेले मांजर हे बातमीत बसत नाही. तथापि रोज चित्र काढणाऱ्याने नुसता पळसच रंगवावा, हेही मला पटत नाही. पावसाळ्यातल्या वावरात पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसतो, तो गाळू नये. एवढ्याशा कागदावर तो नखाएवढाच येणार, चेहरा काही काढता येत नाही. पाठीचा बाक, पंपाची नळी आणि तोंडाला फडके बांधले आहे की नाही, एवढे कुंचल्याच्या टोकाने दाखवावे. मग चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि वावराचे नाव लिहून ठेवावे.