पँटपीस घेताना

ट्यूबलाइटखाली काळं दिसलेलं कापड उन्हात गडद निळं निघू शकतं. म्हणून दुकान मंगलदास मार्केटातलं असो की लक्ष्मी रोडवरचं, ठाण दारापर्यंत आणून पाहावं. दुकानदारांना त्याची सवय असते. शर्टाशी रंग जुळवायचा तर शर्टच सोबत न्यावा.

कापड कशाचं आहे ते ओळखायला एक धागा जाळावा (घरी, दुकानात नव्हे!): सुती धाग्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मुठीत चुरगळल्यावर सुती आणि लिनन सुरकुततात, टेरिकॉट बऱ्यापैकी सरळ होतं, पण उन्हाळ्यात चिकटतं.

५८ इंची पन्ह्यात साधारण सव्वा मीटर पुरतं, ३६ इंचीत जवळपास दुप्पट लागतं. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यातच पँट घोट्याच्या वर चढते.