वेस्टर्न खोगीर बनवायला शिकायचंय? सुरुवात सांगाड्यापासून करा

अमेरिकन काउबॉयच्या खोगिराचा सगळा भार आतल्या सांगाड्यावर, म्हणजे ‘ट्री’वर असतो. पारंपरिक ट्री लाकडाचा. त्यावर ओलं कच्चं कातडं ताणून शिवतात, ते वाळताना घट्ट आवळतं. नवशिक्यांनी ट्री तयारच घ्यावा, पण घोड्याच्या पाठीवर नीट बसतो का, हे आधी तपासावं.

🔸 चामडं: वनस्पतिजन्य टॅनिंगचं, साधारण ५ ते ६ मिमी जाड. भिजवून थोडं सुकू द्या. वरचा रंग परतू लागला, पण आत ओल असली की ते ट्रीवर हवं तसं वळतं.

🔸 शिवण: आरीने भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन सुया समोरासमोरून ओवायच्या. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही.

🔸 पुस्तक: अल आणि अ‍ॅन स्टोलमन यांचा ‘द स्टोलमन एन्सायक्लोपीडिया ऑफ सॅडल मेकिंग’, तीन खंड.

आधी साध्या पट्ट्यांवर हात बसवा, मग खोगिराला हात घाला!