गृहकर्जाचे हस्तांतर आणि अहमदपूरचे कागद

घरावर घेतलेले कर्ज फिटण्यापूर्वीच ते कमी व्याज आकारणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे नेण्याच्या व्यवहाराला बँकांमध्ये ‘बॅलन्स ट्रान्सफर’ किंवा ‘टेकओव्हर’ म्हणतात. नवी संस्था जुन्या संस्थेची उरलेली बाकी एकरकमी चुकती करते, घराचे मूळ कागद आपल्या ताब्यात घेते आणि कर्जदार पुढचे हप्ते तिच्याकडे भरू लागतो. कायद्याने हा व्यवहार आज जवळजवळ निर्वेध आहे. तरीही लातूर जिल्ह्यातील अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी तो महिनोन्‌महिने रखडतो आणि पुष्कळदा अर्ध्यावरच सोडून द्यावा लागतो. याचे कारण व्याजदरात कमी आणि घराच्या कागदपत्रांत अधिक आहे.

पूर्वी अडचण उघड होती. मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्याकडून बाकीच्या साधारण दोन टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम दंड म्हणून घेतली जाई, म्हणजे व्याजात होणारी बचत बाहेर पडतानाच खर्ची पडे. हा दंड स्पर्धेला मारक असल्याची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली, परंतु डिसेंबर 2010 मध्ये आयोगाने बहुमताने ती मान्य केली नाही. त्यानंतर बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करणाऱ्या दामोदरन समितीने या आकारणीवर बोट ठेवले. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने 2011 मध्ये गृहवित्त कंपन्यांना आणि रिझर्व्ह बँकेने 5 जून 2012 रोजी बँकांना बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा दंड घेण्यास मनाई केली.

दंड गेला तरी दरातील तफावत राहिली. व्याजदर ठरवण्याची पद्धत 2010 मध्ये ‘बेस रेट’, एप्रिल 2016 मध्ये ‘एमसीएलआर’ आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपो दरासारख्या बाहेरच्या मानकाशी जोडलेला दर, अशी तीनदा बदलली. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर. पहिल्या दोन पद्धतींत दर ठरवण्याची सूत्रे बँकेच्याच हाती होती आणि त्यामुळे दरकपात ग्राहकापर्यंत नीट पोहोचत नाही, असा निष्कर्ष डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने 2017 मध्ये काढला होता. मात्र 2019 चे बंधन बँकांना लागू झाले, गृहवित्त कंपन्यांना नाही. त्यामुळे फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात रेपो दर 6.50 टक्क्यांवरून 5.25 टक्क्यांवर आला, तेव्हा रेपोशी जोडलेल्या बँक कर्जदाराला तो लाभ ठरलेल्या मुदतीत आपोआप मिळाला. कंपनीच्या कर्जदाराला मात्र कंपनी आपला मूळ दर केव्हा आणि किती उतरवते याची वाट पाहावी लागली. हस्तांतराचा विचार बहुधा याच टप्प्यावर सुरू होतो.

हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नसतो. 20 लाख रुपये बाकी आणि 15 वर्षे मुदत उरली असता 9.5 टक्के दराने हप्ता सुमारे 20,884 रुपये येतो आणि 8.5 टक्क्यांनी तो 19,695 रुपये होतो. पूर्ण मुदतीत सव्वादोन लाखांच्या जरा खाली बचत होते, जी प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन आणि मुद्रांक शुल्क वजा जाताही भरीव उरते. परंतु बाकी 5 लाख आणि मुदत 4 वर्षे राहिली असेल, तर तेवढ्याच दरफरकाने एकूण जेमतेम अकरा हजार चारशे रुपये वाचतात आणि ते खर्चातच जिरण्याचा संभव असतो. याहून फसवा प्रकार मुदतवाढीचा आहे. पहिल्या उदाहरणातील कर्जदाराला नवी संस्था पुन्हा 20 वर्षांची मुदत देऊ करते, हप्ता 17,356 रुपयांवर येतो, दरमहा साडेतीन हजारांची सुटका झाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात दर एक टक्क्याने कमी असूनही एकूण फेड सुमारे चार लाखांनी वाढते. अशा वेळी आधी आपल्याच संस्थेकडे दर कमी करण्याचा लेखी अर्ज करणे शहाणपणाचे असते, कारण पुष्कळ संस्था एकवेळचे शुल्क घेऊन जुन्या ग्राहकाला नवा दर देतात. विचारल्याशिवाय सहसा देत नाहीत, एवढेच.

खरी परीक्षा सुरू होते ती नव्या बँकेच्या वकिलाच्या टेबलावर. पुण्यातील मोठ्या गृहप्रकल्पात जमिनीची मालकी, बिगरशेती आदेश आणि बांधकाम परवानगी बँकेने एकदा तपासली की तीच तपासणी शेकडो सदनिकांना पुरते. अहमदपुरात स्वतःच्या प्लॉटवर बांधलेले प्रत्येक घर मात्र स्वतंत्र प्रकरण असते. वकील साधारणपणे तीस वर्षांचा ‘सर्च’ घेतो, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींवरून मालकीची साखळी तपासतो. खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकन, नगरपरिषदेचा बांधकाम परवाना आणि कर आकारणीचा उतारा यांचा मेळ बसतो की नाही ते पाहतो. हा मेळ बसत नाही, हेच तालुक्याच्या गावांचे नेहमीचे दुखणे आहे.

त्याला इतिहासाचीही जोड आहे. अहमदपूर तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, नंतर उस्मानाबादमध्ये आणि 1982 पासून लातूर जिल्ह्यात आला. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने आणि त्याआधीच्या 1950 च्या कूळ कायद्याने जमिनींच्या धारणेचे प्रकार बदलले. जमीन पूर्वी इनामाची किंवा कुळाची होती काय, तिच्या विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागत होती काय, हे पाहण्यासाठी मराठवाड्यातले वकील आजही 1954-55 चे खासरा पत्रक मागतात. गावाबाहेर वाढलेल्या वस्त्यांत प्रश्न वेगळा असतो. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांनी प्लॉट पाडून विक्री झालेली असते, घेणाऱ्याजवळ नोंदणीकृत खरेदीखत असते, पण तुकडेबंदी कायद्यामुळे फेरफार झालेला नसतो आणि सातबारावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्यात 2001 चा गुंठेवारी कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला त्याची कक्षा वाढवली. तथापि नियमितीकरणाचे शुल्क भरून प्रमाणपत्र घेतलेले नसेल, तर बँकेच्या दृष्टीने त्या तरतुदीचा उपयोग शून्य.

येथे एक विसंगती स्पष्ट होते, जिचा उलगडा कर्जदाराला सहसा कोणी करून देत नाही. पहिले कर्ज याच कागदांवर मंजूर झालेले असते, मग दुसरे का नाही, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. लहान गावांत पसरलेल्या काही गृहवित्त कंपन्या कागदांतील उणीव आणि पगारपत्रकाऐवजी दुकान, अडत किंवा शेतीवर चालणारे उत्पन्न चालवून घेतात आणि त्या जोखमीची किंमत चढ्या दरात वसूल करतात. स्वस्त दराची बँक ती जोखीमच घेत नाही. म्हणजे जो एक-दोन टक्क्यांचा फरक वाचवण्यासाठी धडपड चाललेली असते, त्यातील मोठा भाग व्याजाचा नसून कच्च्या कागदांचा असतो, आणि कागद पक्के केल्याखेरीज तो वाचत नाही. हस्तांतराचा अर्ज करण्यापूर्वी गुंठेवारी प्रमाणपत्र, फेरफार आणि वारसनोंद उरकून घेण्यात जो वेळ जातो, तो म्हणूनच वाया गेला असे मानू नये.

मंजुरी मिळाल्यावरही एक अवघड आठवडा उरतो. जुनी संस्था ‘फोरक्लोजर लेटर’ देते. त्यात एका ठराविक तारखेपर्यंतची बाकी, त्यानंतर दर दिवसाला वाढणारे व्याज आणि पत्राची वैधता लिहिलेली असते. त्यासोबत ताब्यातील मूळ कागदांची यादी घ्यावी लागते. नव्या बँकेचा धनाकर्ष चार दिवस उशिरा पोहोचला, तर तेवढ्या दिवसांचे व्याज कमी पडते, काही शे रुपयांसाठी खाते बंद होत नाही आणि दरम्यान जुन्या संस्थेचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो; नव्या बँकेचा हप्ताही त्याच महिन्यात सुरू झाला, तर दोन्हींचा भार एकदम पडतो. म्हणून धनाकर्षाची रक्कम प्रत्यक्ष भरण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज धरून ठरवणे आणि उरलेला फरक भरण्यापुरते पैसे खात्यात तयार ठेवणे आवश्यक असते.

पैसे पोहोचल्यावर कागद कधी मिळावेत, याबाबत रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी नियम केला. पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत करून नोंदवलेला बोजा उतरवायचा, आणि संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. बोजा एकाच जागी नसतो, हे येथे ध्यानात ठेवावे लागते: तो सातबाराच्या इतर हक्कांत असू शकतो, तारणांच्या ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत असतो, आणि कागद ठेवून केलेल्या गहाणाची सूचना महाराष्ट्रात 2013 पासून 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागत असल्याने तेथेही त्याची खूण राहते. नव्या कर्जाचे गहाण हे नवे गहाण असल्याने ही सूचना आणि मुद्रांक शुल्क पुन्हा आलेच.

तक्रारीचे मार्गही दोन आहेत. बँकेविरुद्ध आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे करावी लागते. जादा आकारलेले शुल्क किंवा अडवून ठेवलेले खरेदीखत यांची दाद या मार्गांनी मिळू शकते. दुसऱ्या बँकेने कागद अपुरे म्हणून कर्ज नाकारले, तर तो तिचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाही. त्या नकाराला उत्तर नगरपरिषद, तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्याच खिडक्यांवर शोधावे लागते.