वेशीबाहेर राहायला जाताना

नगरची माळीवाड्याची वेस आणि दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत. 1490 साली अहमद निजामशहानं वसवलेल्या या शहराला 1562च्या सुमारास हुसेन निजामशहाच्या काळात तटबंदी झाली. त्यानंतर कित्येक पिढ्या नगरात राहणं म्हणजे वेशीच्या आत राहणं होतं. 2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. बोलण्यात मात्र अजून 'नगरला चाललोय' असंच येतं, आणि जुन्या पेठांतली माणसंही 'आता सावेडीला गेलोय', 'केडगावला घर घेतलंय' असं सांगू लागली आहेत.

कारणं घरोघरी सारखीच असतात. वाड्याच्या वाटण्या झालेल्या असतात, दारात गाडी लावायला जागा नसते, आजींना जिना चढवत नाही. मग रविवारी जागा बघायला निघायचं आणि ओटा, गच्ची, खोल्यांची मापं बघून हरखून जायचं. हे सगळं पुढे बदलता येतं. घराभोवतीची वसाहत तेवढी बदलता येत नाही, म्हणून आधी वसाहत निवडायची आणि घर त्यानंतर. वसाहत पारखायची आम्हाला कळलेली खात्रीची रीत म्हणजे पाण्याच्या मागे चालत जाणं. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि जमिनीत कसं मुरतं, हे कळलं की त्या जागेबद्दल निम्मं कळतं. उरलेलं निम्मं कागद सांगतात.

आधी रोजच्या फेऱ्या मांडा

जागा बघायच्या आधी वहीचं एक पान घ्या आणि घरातलं कोण, कुठे, किती वाजता जातं ते लिहून काढा. नगरला चारही बाजूंनी रस्ते फुटतात आणि प्रत्येक बाजूचा स्वभाव वेगळा आहे. उत्तरेला मनमाड रस्त्यावर नागापूरची एमआयडीसी आहे. तिथे पाळीवर जाणाऱ्याला सावेडी, पाईपलाईन रोड, बोल्हेगाव, वडगाव गुप्ता हा पट्टा जवळ पडतो. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी असेल किंवा पुण्याला सारखं जावं लागत असेल, तर पुणे रस्त्यावरचं केडगाव सोयीचं. पूर्वेला भिंगार आणि पाथर्डी-जामखेडकडे जाणारे रस्ते. तिकडे लष्कराची मोठी जमीन आहे, आणि तिच्या हद्दीला लागून बांधकाम करायचं तर लष्कराच्या नाहरकतीचा प्रश्न येतो, तो आधीच विचारून घ्यावा. पश्चिमेला सीना नदी ओलांडून कल्याण रस्ता.

दुकान कापड बाजारात असेल तर दिवसाला दोन फेऱ्या नक्की, आणि जेवायला घरी यायची सवय असेल तर चार. सक्कर चौकापासूनचा उड्डाणपूल 2022 मध्ये सुरू झाला. सरळ पुढे जाणाऱ्यांची त्यानं सोय झाली, पण बाजारात शिरणाऱ्याला खालच्याच चौकांतून जावं लागतं. म्हणून अंतर नकाशावर मोजू नका. सोमवारी सकाळी नऊला त्या प्लॉटवरून दुचाकी काढा आणि दुकानाच्या, शाळेच्या, जिल्हा रुग्णालयाच्या दारापर्यंत घड्याळ लावून जा. घरात गाडी न चालवणारं माणूस असेल तर त्याच्या जागी स्वतःला ठेवून रिक्षा कुठे मिळते ते बघा आणि माळीवाडा किंवा तारकपूर बसस्थानक गाठून पाहा.

पाणी कुठून येतं

नगरला पाणी बाहेरूनच यावं लागतं, ही या शहराची जुनी गोष्ट आहे. निजामशाहीत कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा आसपासच्या गावांतून खापरी नळांनी ते शहरात आणलं होतं. आज ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येतं. धरणाची साठवण 26 टीएमसी आहे. मुळानगरला पाणी उपसलं जातं, विळदला पुन्हा वर चढवलं जातं आणि वसंत टेकडीच्या टाक्यांत पोचतं. तिथून ते वेगवेगळ्या भागांना सुटतं. या साखळीत कुठे वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की टाक्या भरत नाहीत आणि सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. त्यातून नळ रोज येण्याऐवजी दिवसाआड येत असेल, तर पुढचं पाणी नेमकं कधी, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो.

म्हणून नव्या वसाहतीत 'नळ आहे का' एवढंच विचारून थांबू नका. महापालिकेची वाहिनी प्लॉटपर्यंत आली आहे की नुसती मुख्य रस्त्यापर्यंत? पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता आणि किती वेळ? मोटार न लावता जमिनीखालच्या टाकीत पडतं का? शेजारच्या घरी विनंती करून नळाच्या वेळी पंधरा लिटरची बादली लावून बघा. ती दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला साडेसात लिटर, म्हणजे तासाला साडेचारशे.

आता गरज मोजा. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी रोज 135 लिटरचा धरतात. पाच माणसांच्या घराला 675 लिटर लागले. दिवसाआड पाण्याला 1350 लिटर हवेत, आणि एक पाळी चुकलीच तर त्याच्या दुप्पट, म्हणजे 2700. त्या नळाला तासभर पाणी राहत असेल तर दोन दिवसांची निम्मीसुद्धा गरज भागणार नाही. मग बोअर आणि टँकर आले. पाच हजार लिटरचा टँकर या घराला जेमतेम आठवडाभर पुरतो. वसाहतीत उन्हाळ्यात किती टँकर येतात ते विचारा आणि तो खर्च घराच्या हप्त्यात मिळवून बघा.

बोअरच्या भरवशावर असाल तर खाली काय आहे ते लक्षात घ्या. हा काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत सापडतं, त्यामुळे एका बोअरला भरपूर लागतं आणि वीस पावलांवरची कोरडी जाते. शेजाऱ्याची बोअर एप्रिल-मेमध्ये चालते का, हा खरा प्रश्न. तिचं बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोत नसेल तरच 2000 पर्यंत चालवून घेतात. पाणी जड असेल तर गिझर, नळ आणि डाळ शिजवणारा कुकर त्याची साक्ष देतातच.

याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पाऊस पडला, किती पाणी हाताशी आहे आणि त्यात कोणती पिकं बसतात, हे ठरवून गाव चालतं. घर घेणाऱ्यानंही तसाच ताळेबंद मांडावा. आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 550 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी हाती लागलं, तरी जवळजवळ चाळीस हजार लिटर होतात. पाच माणसांची दोन महिन्यांची गरज! ते बोअरभोवती मुरवायची सोय घर बांधतानाच करून घ्या.

पाणी कुठे जातं

आम्हाला एक प्लॉट एप्रिलमध्ये दाखवला होता. सपाट, मोकळा, पश्चिमेचा वारा छान. इसार द्यायचं ठरलं होतं. निघताना शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर लक्ष गेलं. गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीनं आखावा तसा तपकिरी डाग होता. त्याच्या खालचा गिलावा फुगून पापुद्रे धरत होता. पलीकडच्या तिन्ही घरांना दाराशी पाच-पाच पायऱ्या होत्या. तेव्हा उलगडा झाला नाही, पण मनात शंका राहिली. ऑगस्टमध्ये मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. प्लॉट दिसत नव्हता, पाणी दिसत होतं. जवळच्या ओढ्याची वाट पुढे बुजवलेली होती आणि पाणी जुन्या सवयीनं तिथेच आलं होतं.

तेव्हापासून नवीन जागी गेलं की आम्ही आधी भिंती आणि पायऱ्या वाचतो. जुन्या शेजाऱ्यांनी जोतं रस्त्यापासून किती उचललंय ते बघतो. रस्ता अजून खडीचा असेल तर काँक्रीट झाल्यावर तो फूटभर तरी वर येणार हे धरून चालतो, नाहीतर पुढे घरच रस्त्याच्या खाली जातं. भुयारी गटार आहे की शोषखड्डा, आणि शोषखड्डा असेल तर तो बोअरपासून किती लांब, तेही विचारतो.

सीनेच्या काठच्या जागांना आणखी एक कसोटी आहे. जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन घर बांधता येत नाही आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधावं लागतं. सीना वर्षातले बरेच महिने ओढ्यासारखी दिसते, त्यामुळे या रेषा कागदावरच्याच वाटतात. पण मोठ्या पावसात कल्याण रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जाऊन पलीकडची माणसं अडकलेली नगरकरांनी पाहिली आहेत. नदीपलीकडे घर घेताना पूर आल्यावर शहरात यायला दुसरा रस्ता कोणता, हे ठरवून ठेवा.

पायाखालची माती

काळी माती पिकाला चांगली असली तरी पायाला अवघड. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. पाया तिच्यावरच थांबला तर भिंतींना तिरके तडे जातात. पाया मुरूम किंवा कठीण थरापर्यंत न्यावा लागतो. म्हणून शेजारी बांधकाम चालू असेल तर त्यांचा खड्डा बघा आणि मुरूम किती फुटांवर लागला ते विचारा. तीन फूट आणि नऊ फूट यांत पायाच्या खर्चाचा मोठा फरक असतो, आणि तो प्लॉटच्या किमतीत कुणी सांगत नाही.

आता कागद

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 'दोन गुंठे' सांगितले तर 2178 चौरस फूट प्लॉटच्या आत मिळायला हवेत. काही जण समोरच्या रस्त्याची जागा धरून गुंठे मोजतात, म्हणून टेप धरून मोजा.

मग सातबारा आणि फेरफार काढा. एकाच गटाच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस अनोळखी नावं असतील, तर बहुधा मंजूर रेखांकन न करताच तुकडे विकले गेले आहेत. इतर हक्कात कूळ, बँकेचा बोजा किंवा वाद आहे का ते बघा. भोगवटादार वर्ग 2, इनाम किंवा देवस्थानची जमीन असेल तर वकिलाच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. शहरात नगर भूमापन झालेलं असेल तिथे मिळकत पत्रिका मागा.

पुढची मागणी बिगरशेती आदेशाची आणि मंजूर रेखांकनाची. नकाशा घेऊन जागेवर उभे राहा. त्यात दाखवलेला रस्ता जमिनीवर तेवढाच रुंद आहे का? अंतर्गत रस्ता साधारणपणे किमान 9 मीटरचा लागतो. 4000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कुठे आहे आणि तिच्यावर आज काय उभं आहे? नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घेतला की हिरवा पट्टा, शाळेचं आरक्षण किंवा रुंद होणारा रस्ता आपल्या प्लॉटवरून जातो का ते कळतं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉट-सदनिकांचा नवा प्रकल्प महारेरात नोंदलेला असावा लागतो. तो क्रमांक घरबसल्या तपासता येतो.

'गुंठेवारीतून होऊन जाईल' हे वाक्य हमखास ऐकू येईल. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा 2001चा आहे आणि 2021च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या वसाहतींना त्यात वाट मिळाली. ती सोय जुन्या चुका निस्तरायला आहे. आज नव्यानं पाडलेल्या तुकड्याला तिचा आधार धरू नये.

वडगाव गुप्ता, दरेवाडी अशी गावं शहराला येऊन भिडली आहेत. ग्रामपंचायत हद्दीत जागा स्वस्त दिसते आणि कर कमी असतो. त्याबरोबर नळ, गटार, घंटागाडी आणि पथदिवे कोण पुरवतं तेही बघा. तिथला नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीच्या नुसत्या दाखल्यावर घर बांधता येत नाही.

शेवटी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि कर्ज लागत नसलं तरी एखाद्या बँकेत कागद दाखवा. बँक कर्ज नाही म्हणाली तर कारण नीट ऐकून घ्या. ते कारण तुमच्याही कामाचं असतं.

तीन फेऱ्या

हे सगळं जमलं तरी इसार देण्याआधी तीन वेळा जाऊन या. एकदा मे महिन्याच्या दुपारी, एकदा मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी आणि एकदा रात्री नऊनंतर. रात्री दिवे कुठवर आहेत, मुलगी क्लासहून एकटी येईल का, कचरा जाळल्याचा धूर कुठून येतो, हे त्याच वेळी कळतं.

आम्ही शेवटी जिथे घर घेतलं तिथे तिसऱ्या फेरीला एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. नळाची वेळ झाली होती. आम्ही पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "परवा आलं नाही बाबा, आज येईल. पण पावसाळ्यात पाणी साचत नाही, ओढा मोकळा आहे आमचा." मग स्वतः उठल्या आणि घराच्या मागे नेऊन तो ओढा दाखवला. नळाची अडचण लपवली नाही आणि ओढा 'आमचा' म्हणून राखला, अशी माणसं शेजारी मिळणार होती. आम्ही घराच्या खोल्या नंतर मोजल्या.