ओळख चिनी मातीची : लेखांक ५ – बुडावरचा शिक्का

मागच्या आठवड्यात आपण माती आणि झिलई पाहिली. आता भांडं उलटं करू.

पण त्याआधी अशी भांडी इथवर कशी आली ते पाहू. सुरतेच्या उत्तरेकडच्या कोसाडहून निघालेली गाडी उत्राणनंतर तापी ओलांडून सुरतेत शिरते. सतराव्या शतकात याच तापीच्या मुखाजवळ, सुवाळीच्या किनाऱ्याला, परदेशी व्यापाऱ्यांची मोठी जहाजं नांगर टाकत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये ज्या सुरतेवर स्वारी केली, ती अशा समुद्री व्यापारावर श्रीमंत झालेली पेठ होती. पुढे पारशी व्यापारी थेट चीनच्या कँटन बंदरापर्यंत गेले. या भागातल्या जुन्या कपाटांत चिनी-जपानी बशा आढळतात, त्यामागे हा इतिहास आहे. अशी बशी हाती आली की पहिला प्रश्न येतो : कुठली आणि केव्हाची?

चिनी भांड्याच्या बुडावर अनेकदा निळ्या रंगात सहा अक्षरं असतात. ती उजवीकडून सुरू करून वरून खाली वाचायची. पहिली दोन राजवंशाची, मधली दोन बादशहाच्या कारकिर्दीची, शेवटची दोन ‘त्या काळात घडवलं’ असं सांगणारी. चारच अक्षरं असतील, तर बहुतेक वेळा राजवंश गाळलेला असतो. कांगशी (१६६२–१७२२) आणि छ्येनलुंग (१७३६–१७९५) ही नावं वारंवार भेटतात.

पण बादशहाचं नाव हा वयाचा पुरावा नव्हे. चिनी कारागीर पूर्वजांच्या कामाला मान म्हणून जुन्या कारकिर्दीचं नाव सर्रास लिहीत. मिंग राजवंशातल्या छंगह्वा बादशहाचा काळ १४६५ ते १४८७ चा, पण त्याचं नाव कांगशीच्या काळातल्या कितीतरी भांड्यांवर आहे. जपानच्या आरिता गावातले कुंभारही मिंग बादशहांची नावं घालत. उलट, १६७७ मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचं केंद्र असलेल्या जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव लिहायला मनाई केली, तेव्हा कारागिरांनी नुसती दुहेरी वर्तुळं किंवा पानाचं चिन्ह काढलं. म्हणून नाव नसलेली बशी हलकी समजू नये.

राजाच्या नावापेक्षा जकातीचा कायदा अधिक खरं बोलतो. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत मागितलं. त्यामुळे बुडावर रोमन लिपीत ‘चायना’ किंवा ‘निप्पॉन’ छापलेलं असेल, तर भांडं बहुधा त्यानंतरचं. १९२१ मध्ये अमेरिकेने ‘निप्पॉन’ हे जपानी भाषेतलं नाव नाकारून ‘जपान’ हाच शब्द सक्तीचा केला. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. सोपी केलेली चिनी अक्षरं दिसली, तर माल साधारण १९५६ नंतरचा. थोडक्यात, खरा शिक्का ‘याच्या आधीचं नाही’ एवढं नक्की सांगतो. निप्पॉनचे नकली शिक्केही बाजारात आहेत, हे विसरू नये.

काही खुणा मालकाच्या असतात. आपल्याकडे पितळी भांड्यावर घरधन्याचं नाव कोरतात, तसं शाहजहानचं नाव आणि हिजरी सन फारसीत कोरलेल्या चिनी थाळ्या आज संग्रहालयांत आहेत. ते सन थाळी घडल्याचं नसतं. थाळी त्याहून कितीतरी जुनी असू शकते.

म्हणून शिक्का शेवटी वाचावा. आधी बुडाची बिनझिलईची कड पाहावी. मग भट्टीतल्या टेकूंचे बारीक व्रण शोधावेत; बुडावर ते असतील तर भांडं जपानी असण्याचा संभव वाढतो. नंतर निळा रंग झिलईखाली आहे की वर, ते तपासावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी आहेत. आधी ती पाहून नजर तयार करा.

आणि एक विनंती. नुसत्या शिक्क्यावर भरवसा ठेवून घरची बशी विकू नका, की विकतही घेऊ नका. शिवाय, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.